रेसिंग फ्युएल टाकलं की मॉडिफाय केलेली गाडी जास्त पळते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, रोजच्या वापरातली. मोठा इंटरकूलर, मोकळा डाउनपाइप, कंपनीपेक्षा वेगळा इनटेक आणि पंपावरच्या ९५ रॉन (ऑक्टेनचा आकडा) पेट्रोलवर केलेला रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांत (मॅपमध्ये) केलेला बदल. मित्राने ट्रॅकवरून उरलेलं रेसिंग पेट्रोल दिलं, ते टाकल्यावर गाडी ‘वेगळीच पळाली’. आता दर टाकीला ते थोडं मिसळावं का, आणि त्याने किती हॉर्सपॉवर वाढेल?

मॅप आहे तसाच ठेवून टाकलंत तर वाढ शून्य ते जेमतेम. कडक उन्हात, इंटरकूलर तापलेला असताना, थोडी ताकद परत मिळू शकते. ‘परत’ हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण ती ताकद मॅपमध्ये होतीच, नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप पेटून होणारा खडखडाट) ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, ती तात्पुरती काढून घेतली होती. नवीन ताकद हवी असेल तर इंधनासोबत मॅपही बदलावा लागतो. आणि मॅप बदलायचा असेल तर आधी गाडी आज नॉकिंगपाशी अडतेय का, हे लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूने नोंदवलेल्या आकड्यांत, बघावं लागतं. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

ऑक्टेन हे इंधनातल्या ऊर्जेचं माप नाही. दाब आणि उष्णता वाढत गेली तरी मिश्रण आपोआप पेट घेण्याला किती काळ विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. या मोजपट्टीची दोन टोकं १९२७ च्या सुमारास ठरली: आयसो-ऑक्टेनला १००, एन-हेप्टेनला शून्य. गंमत अशी की या दोघांत किलोमागे ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे, साधारण ४४ मेगाज्यूल. म्हणजे शंभर ऑक्टेनचं इंधन आणि शून्य ऑक्टेनचं इंधन जाळून मिळणारी उष्णता सारखीच, फक्त दुसरं साध्या इंजिनातही खडखडाट करेल.

मोजणी एका सिलिंडरच्या खास इंजिनावर होते. त्याचा कॉम्प्रेशन रेशो चालू असतानाच कमी-जास्त करता येतो. ६०० आरपीएमवर, तुलनेने थंड हवेत घेतलेला आकडा म्हणजे रॉन. ९०० आरपीएमवर, मिश्रण जवळपास १५० अंशांपर्यंत तापवून घेतलेला तो मॉन. मॉन नेहमीच्या पेट्रोलमध्ये रॉनपेक्षा आठ-दहाने कमी येतो. काही देशांत पंपावर दोघांची सरासरी लिहितात, म्हणून तिथलं ९३ हे दुसरीकडच्या ९८ रॉनच्या आसपास असतं. रेसिंग फ्युएलच्या डब्यावर ‘१००’ लिहिलेलं दिसलं की आधी हे बघा की तो रॉन आहे, मॉन आहे की सरासरी. शंभर मॉन आणि शंभर रॉन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या गोंधळात लोक अकारण चांगल्या पंपाच्या पेट्रोलपेक्षा जेमतेम सरस इंधन महाग घेऊन येतात.

‘जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं’ हेही कानावर पडतं. ज्योतीचा वेग आणि आपोआप पेटण्याला विरोध या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, तरी ते हळू जळत नाही.

मग ऑक्टेनचा उपयोग कुठे होतो? स्पार्क पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरते. तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण दोन बाजूंनी दाबलं जातं: पिस्टन वर येतोय आणि मागची जळलेली हवा फुगतेय. ज्योत पोचायच्या आत ते कोपऱ्यातलं मिश्रण एकदम पेटलं की दाबाची लाट भिंतींवर आपटत राहते. तोच नॉक. ८० ते ८६ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये त्याचा सूर साधारण साडेसहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि ब्लॉकला बसवलेला नॉक सेन्सर तोच शोधत असतो.

स्पार्क किती आधी टाकायचा, म्हणजे टायमिंग, यालाही एक उत्तम जागा असते. तिथे टॉर्क सर्वांत जास्त मिळतो, त्याच्या पुढे नेलं तर टॉर्क उलट पडतो. ट्यूनर तिला एमबीटी म्हणतात. तुमचं इंजिन नॉक न करता त्या जागेपर्यंत पोचत असेल, तर डब्यात ११० ऑक्टेनचं काही असलं तरी काहीही फरक पडणार नाही. दहा-साडेदहाच्या कॉम्प्रेशनची, टर्बो नसलेली, कंपनीने ९५ साठी बनवलेली गाडी बहुतेक वेळा तिथे किंवा तिच्या अगदी जवळ असते. अशा गाडीत फिल्टर, एक्झॉस्ट आणि हलके रिम बसवले म्हणजे तिची ऑक्टेनची भूक वाढली असं होत नाही. ‘मॉडिफाय’ हा शब्द इथे फसवा आहे. सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढवणारे बदल वेगळे: जास्त बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), पातळ हेड गॅस्केट, उंच पिस्टन, मोठा टर्बो. आवाज वाढवणारे बदल वेगळे.

टर्बो गाडीचं गणित निराळं. बूस्ट वाढवलं की इंजिन नॉकमुळे एमबीटीपासून बरंच मागे अडतं. एमबीटीच्या आसपास टॉर्कची कमान जवळजवळ सपाट असते, दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले तर ड्रायव्हरला कळणारही नाही. पण आठ-दहा अंश मागे असलेल्या इंजिनाला तेच तीन अंश मिळाले तर टॉर्क दिसण्याइतका वाढतो, कारण तिथे कमान उतारावर आहे. म्हणून एकाच डब्याबद्दल एकजण ‘काही झालं नाही’ म्हणतो, दुसरा ‘गाडीच बदलली’ म्हणतो, आणि दोघेही खरं बोलत असतात.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण १९४० मधलं, रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचं. ८७ ऑक्टेनच्या इंधनावर त्याला सुपरचार्जरचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांपर्यंतच परवडत होता. १०० ऑक्टेनचं इंधन आल्यावर कमी उंचीवर हा दाब बारा पौंडांपर्यंत नेण्याची सोय झाली आणि ताकद साधारण १०३० हॉर्सपॉवरवरून १३०० च्या पुढे गेली. नव्या इंधनावर सव्वासहा पौंडांवरच उडणाऱ्या विमानाला मात्र त्यातलं जवळजवळ काहीच मिळालं नसतं. तुमच्या टाकीत आज तेच चाललंय: इंधन बदललं, बूस्ट आणि टायमिंगचे तक्ते जुनेच.

‘पण माझा ईसीयू आपोआप जुळवून घेतो ना?’ हो, पण एका मर्यादेत. ईसीयूकडे टायमिंगचा एक तक्ता असतो. नॉक ऐकू आला की तो त्या सिलिंडरचं टायमिंग काही अंश मागे घेतो आणि नंतर हळूहळू पुढे सोडतो. तक्त्यातला आकडा ही वरची हद्द. चांगलं इंधन आलं तर तो हद्दीपर्यंत परत जाईल, हद्द ओलांडणार नाही. काही कंपन्या मूळ तक्ताच ९८ किंवा १०० रॉनसाठी उदार ठेवतात आणि ९५ वर गाडी कायम थोडी मागे राहते. अशा गाड्यांत पंपावरचं भारी पेट्रोल टाकल्यावर खरोखर फरक पडतो. इंधनाच्या झाकणाच्या आत ‘९८ शिफारस, ९५ किमान’ असं लिहिलं असेल तर तुमची गाडी या जातीची. काही ईसीयूत शिकलेलं सुधारणामूल्य लगेच पुसलं जात नाही, त्यामुळे इंधन बदलल्यावर पहिल्याच सिग्नलला निकाल देऊ नका.

लॉग बघताना काय शोधायचं, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० आरपीएमपर्यंत फुल थ्रॉटल दिलं. प्रत्येक सिलिंडरची टायमिंग सुधारणा वेगळी दिसते. चारही सिलिंडरमध्ये शून्य ते उणे एक असेल आणि इनटेकची हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशच गरम असेल, तर मॅप या इंधनावर आरामात आहे आणि रेसिंग फ्युएलकडे देण्यासारखं काही नाही. चारही सिलिंडर ३५०० च्या आसपास, जिथे टॉर्क सर्वांत जास्त, उणे चार-पाचपर्यंत जाऊन वरच्या आरपीएमला सावरत असतील, तर इंजिन इंधनापाशी अडलंय. इथे जास्त ऑक्टेनने लगेच फरक दिसेल. पण एकच सिलिंडर, समजा तिसरा, उणे सहावर आणि बाकीचे शून्यावर, तर इंधन शोधायला जाऊ नका. त्या सिलिंडरचा इंजेक्टर, प्लग, पिस्टनवरचा कार्बन किंवा हवेची गळती बघा. रेसिंग फ्युएल त्या दुखण्यावर पांघरूण घालेल, आणि साध्या पेट्रोलवर परत आलात की ते पिस्टनची कड खाईल.

प्लगही काढून बघा, भिंगाखाली. मधल्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमचमणारे बारीक कण असतील तर नॉकिंग बरंच आधीपासून चालू आहे. ते चमकणारे कण ॲल्युमिनियमचे असतात, म्हणजे पिस्टनचेच.

लॉगमध्ये इंजिन अडलेलं दिसलं तर रेसिंग फ्युएलचा एक फायदा हॉर्सपॉवरच्या पलीकडचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. टायमिंग मागे गेलं की जळणं उशिरा संपतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. टर्बो तापतो, त्याला वाचवायला ईसीयू जास्त पेट्रोल ओततो, मिश्रण रिच होतं. टायमिंग जागेवर राहिलं तर एक्झॉस्ट थंड राहतो आणि पाचवा लॅपही पहिल्यासारखाच जातो. ट्रॅकवर लोक जास्त ऑक्टेन वापरतात ते मुख्यतः याच टिकण्यासाठी. रोजच्या रस्त्यावर सलग वीस मिनिटं फुल थ्रॉटल कुणी देत नाही, त्यामुळे हा फायदा तिथे हाती लागत नाही.

आता डब्यात नेमकं काय आहे त्याबद्दल. ‘रेसिंग फ्युएल’ हे एक इंधन नाही. सर्वांत आधी शिसं आहे का ते बघा. टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग १९२३ पासून पेट्रोलचं ऑक्टेन वाढवायला वापरलं गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगभरातून संपायला २०२१ उजाडलं. शर्यतीच्या काही इंधनांत ते अजूनही आहे, पिस्टन विमानांच्या १०० एलएलमध्येही आहे, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. शिसं कॅटमधल्या (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मौल्यवान धातूंवर थर चढवतं आणि ऑक्सिजन सेन्सरला बहिरं करतं. सेन्सर आधी मंद होतो, मग चुकीचं वाचतो, आणि तुम्ही त्याच चुकीच्या आकड्यावर मिश्रण ठरवता. कॅट काढून टाकलाय म्हणून चालेल, असं काहींना वाटतं. सेन्सर तरी तिथेच आहे. शिवाय शिसं विषारी आहे, बंद गॅरेजमध्ये तो धूर घेणं हा निव्वळ वेडेपणा. डब्यावर ‘अनलेडेड’ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर रस्त्यावरच्या गाडीत टाकू नका. विमानाचं पेट्रोल ‘कुठूनतरी मिळालं’ तर तेही नाहीच.

दुसरी गोष्ट घनतेची. इंजेक्टर इंधन आकारमानाने मोजतो, वजनाने नाही. पंपावरच्या पेट्रोलची घनता लिटरमागे साधारण ०.७४-०.७५ किलो. शुद्ध आयसो-ऑक्टेनची ०.६९, टोल्युइनची ०.८७ च्या आसपास. हवेशी लागणारं प्रमाणही वेगळं: पेट्रोलला १४.७, आयसो-ऑक्टेनला १५.१, टोल्युइनला १३.५. जुळवून बघा: तोच इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा ठेवून निव्वळ आयसो-ऑक्टेन दिलं तर मिश्रण पाचेक टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. शर्यतीच्या बऱ्याच अनलेडेड इंधनांत ऑक्सिजन असलेली रसायनं मुद्दाम घातलेली असतात. तीही मिश्रण लीन करतात. ती जास्तीचं पेट्रोल जाळायला मदत करून खरी ताकद देतात, पण तेवढं जास्तीचं पेट्रोल आधी द्यावं लागतं. नव्या गाड्यांतला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हे बरंचसं सांभाळतो. जुन्या गाड्या फुल थ्रॉटलला सेन्सरकडे बघतच नाहीत, तक्त्यावर चालतात. त्या गाडीत असं इंधन मॅपशिवाय घालणं म्हणजे जिथे जास्त गरज तिथेच इंजिन उपाशी ठेवणं.

इंधनातल्या आकड्यांशी खेळण्याची कमाल १९८८ च्या होंडाच्या फॉर्म्युला वन टर्बो इंजिनात दिसते. नियमात १०२ रॉनची हद्द होती. त्यांनी ८४ टक्के टोल्युइन घेतलं आणि उरलेलं १६ टक्के एन-हेप्टेन, म्हणजे शून्य ऑक्टेनवालं, मुद्दाम भरीला घालून आकडा हद्दीत बसवला. त्यांना लिटरमागची ऊर्जा हवी होती, कारण शर्यतीला १५० लिटरच पेट्रोल मिळत होतं. टोल्युइन जड, थंडीत सहज वाफ न होणारं, म्हणून इंधन तापवूनच इंजिनाला द्यावं लागे. रस्त्यावरच्या गाडीत टोल्युइन ओतून सकाळी स्टार्टर फिरवत बसणाऱ्यांनी हा शेवटचा भाग वाचलेला नसतो.

ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) मिळत असेल आणि गाडी खरंच जोरात ट्यून करायची असेल, तर रेसिंग डब्यांपेक्षा मी तिकडे आधी बघेन. इथेनॉलचं रॉन १०८ च्या आसपास आहेच, पण खरी करामत त्याच्या बाष्पीभवनाची. किलोमागे ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषून वाफ होतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ही थंडाई थेट सिलिंडरमध्ये मिळते. किंमत अशी की तीस ते चाळीस टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. इंजेक्टर, पंप आणि डायरेक्ट इंजेक्शनमधला हाय-प्रेशर पंप एवढं देऊ शकतात का, हे ट्यूनरला आधी विचारा. होसपाइप आणि सील इथेनॉलला चालणारे हवेत. शिवाय पंपावरच्या ई८५ मधलं इथेनॉल ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून ते प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर नसेल तर प्रत्येक टाकीला चाचणी नळीने टक्के मोजायची तयारी ठेवा.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर फार लिहित नाही. ‘पाच पॉइंट वाढवतो’ यातला पॉइंट बऱ्याचदा ०.१ ऑक्टेन असतो. मँगनीजवाले बूस्टर प्लगवर तांबूस थर सोडतात.

एक गोष्ट मात्र इंधनाने सुटत नाही. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोंत १५००-२५०० आरपीएमला जोरात पाय दिल्यावर अधूनमधून एकच जबरदस्त ठोका येतो. हे स्पार्कच्या आधी पेटणं आहे, बऱ्याचदा तेलाच्या थेंबांमुळे. त्यावर उपाय म्हणजे योग्य तेल, एपीआय एसपी दर्जाचं, आणि कमी आरपीएमला उंच गिअरमध्ये गाडी रेटू नका. ऑक्टेन बूस्टरवर पैसे घालवून हा ठोका जात नाही.

मित्राच्या डब्याने गाडी ‘वेगळीच’ का वाटली, त्याचं उत्तर बहुधा हवामानात मिळेल. हवा ३५ अंशांवरून १० अंशांवर आली की ती जवळजवळ नऊ टक्के घट्ट होते. संध्याकाळची थंडी, अर्धी रिकामी टाकी आणि नव्या इंधनाचं कौतुक एकत्र आलं की पाठीला पन्नास हॉर्सपॉवर जाणवतात. डायनोवरही (ताकद मोजायच्या यंत्रावर) तीच गाडी, तेच इंधन, दहा मिनिटांनी पुन्हा लावली तर एक-दोन टक्के इकडे-तिकडे होतात. तुलना करायचीच तर त्याच दिवशी, त्याच डायनोवर, प्रत्येक इंधनाचे तीन-तीन रन घ्या, मध्ये इनटेकचं तापमान खाली येऊ द्या, आणि शेवटी पुन्हा जुन्या इंधनावर या. शेवटचा रन पहिल्याशी जुळला नाही तर मधल्या फरकावर विश्वास ठेवू नका.

मिसळायचं असेल तर हिशोब अंदाजे सरळ आहे. ९५ रॉनचं ४० लिटर आणि ११० रॉनचं १० लिटर: (४० × ९५ + १० × ११०) ÷ ५० = ९८. दोन्ही आकडे रॉनचेच हवेत. इथेनॉल किंवा टोल्युइन जास्त असेल तर खरा आकडा या सरासरीपासून थोडा हलतो, म्हणून मॅप काठावर नको. तुमच्या भागात ९८ किंवा १०० रॉन पंपावर मिळत असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? रोजच्या गाडीसाठी मी नेहमी हेच सुचवतो: त्या पंपावरच्या पेट्रोलवर एक मॅप, आणि ट्रॅकसाठी अनलेडेड रेसिंग इंधनावर दुसरा, बटणाने बदलता येणारा. रेस मॅपवर राहून पंपावरचं पेट्रोल भरलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या मॅपला नॉकच्या सुधारणेची कडक मर्यादा आणि बूस्ट आपोआप कमी होण्याची सोय ट्यूनरकडून लावून घ्या. उरलेला डबा घट्ट बंद, सावलीत ठेवा. हलके घटक उडून गेले की तेच इंधन थंडीत गाडी सुरू करायला त्रास देतं.

तुम्ही लॉग पाठवलात तर मी नेमकं सांगू शकेन. एकाच गिअरमधला फुल थ्रॉटलचा पुल हवा, आणि त्यात हे रकाने ठेवा: आरपीएम, बूस्ट (मागितलेलं आणि मिळालेलं), टायमिंग, प्रत्येक सिलिंडरची नॉक सुधारणा, इनटेक तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), इंधनाचा दाब आणि इंजेक्टरचा वेळ. सोबत कोणत्या पेट्रोलवर घेतला आणि बाहेर किती अंश होते, तेही लिहा. डब्याचा फोटो असेल तर मागच्या बाजूचा, बारीक अक्षरातला.